डोसाची पट्टी

मी काय काम करते हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता?" मी विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. जुने कागद, जुन्या वह्या, जुन्या वस्तू मिळवायच्या, त्यांना नंबर द्यायचा, त्या कुणाच्या, कुठून आल्या, कुणी केल्या हे रजिस्टरात लिहायचं आणि मग वाळवी, ओल, उंदीर आणि संशोधक या चौघांपासून त्यांना सांभाळायचं. वीस वर्षं हेच करतेय. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगतात, "सून विद्यापीठात आहे, भंगाराच्या खात्यात." सुरुवातीला मला राग यायचा. आता येत नाही, कारण भंगारातही पगार वेळेवर होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वैद्यकाच्या इतिहासासाठी वेगळी खोली मिळाली. काचेची कपाटं आली. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, इतका आनंद झाला की त्यांनी कपाटं रिकामी असतानाच त्यांना कुलपं लावली. मग वस्तू येऊ लागल्या. कुणा डॉक्टरांची पेटी, कुणाचा स्टेथोस्कोप, कुणाच्या हातचं लिहिलेलं ऑपरेशनचं टिपण. एका सर्जनच्या चिरंजीवांनी वडिलांचा कोट दिला आणि सोबत त्यांची क्रिकेट बघायला जातानाची टोपी दिली. टोपीचा वैद्यकाशी काय संबंध हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीही कपाटात गेली.

साहेबांचा एक नियम होता. आलेली वस्तू पुसायची नाही. "धूळसुद्धा पुरावा असते," असं ते म्हणत. झाडूवाल्या मावशींना त्या खोलीत फडकं मारायची मनाई होती, आणि आख्ख्या विद्यापीठात साहेबांवर मनापासून प्रेम करणारी ती एकच व्यक्ती होती.

एकदा माझे वडील कामानिमित्त शहरात आले होते, तेव्हा मी त्यांना ही खोली दाखवली. बाबा ऐंशी ओलांडलेले, पण अजून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालूनच घराबाहेर पडणारे. हात पाठीमागे बांधून त्यांनी एकेक कपाट निवांत पाहिलं. टोपीसमोर जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "समदे डाक्टरच हायेत की हितं. मंग औशद कोन बनवत व्हतं?"

बाबा आयुष्यभर सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगते. तेव्हा गोळ्या कमी, मिक्श्चर जास्त. बाबांच्या मागे तीन मोठ्या काचेच्या बरण्या असत. लाल खोकल्याचं, पांढरं पोटाचं आणि तपकिरी तापाचं. तपकिरी इतकं कडू होतं की अर्धा ताप त्याच्या नुसत्या दर्शनाने उतरायचा. पेशंटने बाटली घरून आणायची. कुणी खोबरेल तेलाची आणायचा, कुणी अशी आणायचा की बाबा आधी हुंगून बघत आणि काही न बोलता तीनदा धुऊन घेत. ज्याच्याकडे बाटली नाही त्याला दवाखान्याची मिळायची. औषध भरलं की बाटलीवर नंबराची चिठ्ठी डकवायची आणि तिच्या बाजूला डोसाची पट्टी.

ही पट्टी म्हणजे कागदाची बोटभर रुंद उभी चिंधी. तिला दोन्ही कडांनी सारख्या अंतरावर खाचा पाडलेल्या. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळायचं की सकाळी इथपर्यंत प्यायचं, संध्याकाळी इथपर्यंत. घोटभर इकडेतिकडे नाही. आमच्या गावची पट्टी तालुक्यात प्रसिद्ध होती. एकदा कुणी मोठे अधिकारी तपासणीला आले, त्यांनी बाटली उजेडात धरली आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "याला म्हणतात हात!" ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की अधिकाऱ्यांचा आवाज मला काढता येतो.

आणखी एक आठवण, जी मला तेव्हा महत्त्वाची वाटत नव्हती. आम्हा बहिणींच्या बाहुल्यांच्या लग्नात अक्षता म्हणून कागदाचे बारीक बारीक त्रिकोण असायचे. ओंजळीने असायचे. तांदळाला हात लावला तर पाठीत धपाटा मिळायचा, त्रिकोण मात्र फुकट. आमच्या बाहुल्या त्यामुळे वर्षातून सात-आठदा लग्न करत.

पुढे गोळ्या आल्या, मिक्श्चर गेलं. दवाखान्याची जुनी इमारत पाडली तेव्हा मागच्या खोलीत बाटल्यांची एक पेटी निघाली, चिठ्ठ्या आणि पट्ट्यांसकट. कुणालाच नको होती. बाबांनी ती सायकलवर बांधून घरी आणली आणि माळ्यावर टाकली.

त्या दिवशी टोपीसमोरून परत येताना मला ती पेटी आठवली. साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठलेच. "पट्टी शाबूत आहे? अहो, बाटल्या हव्या तितक्या मिळतात, पट्टी मिळत नाही. लोक धुऊन टाकतात!" मी छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्याकडे कुणी हातसुद्धा लावलेला नाही, सर."

बाबांना कळवलं की पेटी न्यायला विद्यापीठाची गाडी येईल. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन. तब्येत, पाऊसपाणी, नातवंडं सगळं बाजूला, पहिला प्रश्न ठरलेला: "कवा येऊन राहिली तुमची गाडी?" मी चेष्टा केली की टोपीशेजारी बसायची इतकी घाई का. तर म्हणाले, "म्या बसत न्हाई बाई. पन त्या कपाटात एक तरी कंपौंडर दिसला पाह्यजे. माझे डोळे हायेत तवर." त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याचा भरवसा नव्हता. मी चेष्टा थांबवली.

गाडी मंजूर व्हायला तीन महिने लागले. शेवटी बुधवार ठरला. मी आईला फोन केला. आम्ही तिला माय म्हणतो. म्हटलं, "माय, बुधवारी साहेबांना घेऊन येते. माळ्यावरची बाटल्यांची पेटी खाली काढून ठेव." ती म्हणाली, "बरं." मी फोन ठेवला. अभिलेखागारातली वीस वर्षं आणि मायसोबतची पन्नास वर्षं एवढा अनुभव गाठीशी असून मी एवढंच बोलले, याला दोष द्यायला आजवर दुसरं कुणी सापडलं नाही.

बुधवारी निघालो. साहेबांनी सोबत खास खोकी, कॅमेरा, भिंग आणि पांढरे सुती हातमोजे घेतले होते. वारंगा फाट्यावर चहा प्यायलो, तेव्हाही ते मांडीवरचा कॅमेरा खाली ठेवायला तयार नव्हते. हिंगोली मागे पडल्यावर शेतात तुरीचे ढीग दिसू लागले. साहेब शहरी माणूस. म्हणाले, "यंदा तूर चांगली दिसतेय." त्या तुरीचा आणि आपल्या कामाचा काही संबंध असेल हे दोघांच्याही स्वप्नात नव्हतं.

घरी पोचलो तर ओसरीवर पांढरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर बेचाळीस बाटल्या रांगेत उभ्या. लखलखीत. ऊन पडलं होतं त्यामुळे बघवत नव्हत्या. एकीवरही चिठ्ठी नाही, पट्टी नाही, कागदाचा कण नाही. आणि सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. बहुतेकीत तुरीची डाळ, काहींत तीळ, दोन-तीनमध्ये ओवा, कडेच्या चारांत कारळाची चटणी. तोंडाला धुतलेल्या कापडाचे बोळे.

साहेब हातमोजे चढवत होते. एक चढला होता, दुसरा हवेतच राहिला.

"ह्यायच्या हाताला काय झालं गं?" मायने मला हळूच विचारलं.

"माय, हे काय केलंस तू?"

"काय केलं? घासल्या. चिंच लावली, राख लावली. कागद लई चिवट व्हते बाई, दोन दिस पान्यात ठेवल्या तवा सुटले."

"अन् आत डाळ काहून?"

"मंग रिकाम्या देऊ?" माय खरंच चकित झाली होती. "रिकामी बाटली कुनी देतं का कुनाला? इद्यापीठ झालं म्हून काय झालं? नव्या तुरीची हाय, लवकर शिजती."

आमच्या घरातून कुणाचंही भांडं रिकामं परत जात नाही. शेजारणीची वाटी साखरेविना गेली असेल तर त्या दिवशी घरात कुणीतरी आजारी असणार. हे मला माहीत नव्हतं का? मी त्याच घरात वाढले.

जीप बघून शेजारचे टेलर चाचा आले होते. त्यांचं वय बाबांच्याच आसपास. त्यांनी एक बाटली उचलून डोळ्यांजवळ धरली. "मैं बोल्या था भाभी को, कागद रहने दो. सुनते कहाँ." मग माझ्याकडे वळून, "अब ये खोकले की दवा नहीं रही बेटा, वरण हो गया."

मला हसू आलं असतं, पण बाबांकडे लक्ष गेलं. दोन दिवस ते डोळे दाखवायला हिंगोलीला माझ्या भावाकडे गेले होते, सकाळच्या एसटीने परतले होते. म्हणजे त्यांनीही हे आत्ताच पाहिलं होतं. ते खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. चादरीवरची एक बाटली त्यांनी हातात घेतली आणि जिथे पट्टी असायची तिथून अंगठा वरून खाली फिरवला. मला वाटलं, त्यापेक्षा मायवर ओरडले असते तर बरं.

साहेबांनी एका हातातला मोजा काढला. ते चांगले गृहस्थ आहेत. शब्द जपून वापरत म्हणाले, "काका, बाटल्या सुंदर आहेत. पण कागद नसला की त्या कुठल्या, कुणाच्या, हे मला रजिस्टरात सिद्ध करता येत नाही. कुठल्याही दुकानातल्या असू शकतात."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "आता ह्या नुस्त्या बाटल्या."

माय हे ऐकत उभी होती. तिला कळलं. ती आत गेली. मीही तिच्या मागे गेले, कारण मला तिच्यावर चिडायचं होतं. ती चुलीपाशी पाठमोरी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. "येवढी तीन महिने वाट पाहून राहिले ह्ये," ती म्हणाली, "अन् म्या दोन दिवसांत समदं घासून टाकलं." माझा राग तिथेच ओसरला. तिला पाणी द्यायला तांब्या शोधताना माझी नजर वर फळीवर गेली. मिठाच्या बरणीशेजारी एरंडेलाची बाटली होती. बाबांच्या गुडघ्यांना माय रोज रात्री लावते ते एरंडेल. तेलाने चिकट, काळपट. आणि तिच्या अंगावर चिठ्ठीचा उरलेला तुकडा आणि शेजारी, तेल पिऊन पारदर्शक झालेली, अख्खी डोसाची पट्टी.

मी इतक्या जोरात ओरडले की साहेब चपला घालूनच स्वयंपाकघरात आले.

"ती न्हाई बाई देता येत," माय म्हणाली. "ती रोजच्या वापरातली हाय." म्हणूनच ती वाचली होती. जुन्या वस्तूंत तिची गणतीच झाली नव्हती.

साहेबांनी दोन्ही हातमोजे चढवले, बाटली ओसरीवर आणली आणि भिंगातून पाहिली. आठ डोस, खाचा एकसारख्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बाबांसमोर स्टूल ओढलं. म्हणाले, "काका, एक तर मिळाली. आता तुम्ही आमच्यासमोर एक पट्टी कापा. मी चित्रण करतो. ही जुनी आणि तुमची नवी शेजारी ठेवू. जुळली की काम झालं. तुमचं नाव रजिस्टरात, पट्टी कपाटात."

चाचांनी धावत जाऊन दुकानातली चांगली कात्री आणली. मी कागद दिला. कॅमेरा सुरू झाला. बाबांनी कागद मांडीवर घेतला, उभी घडी घातली, कात्री धरली. आणि थांबले.

आम्हाला वाटलं, वय आहे, डोळे आहेत. साहेब म्हणाले, "सावकाश काका, काही घाई नाही." बाबांनी पुन्हा कात्री उघडली. पुन्हा मिटली. साहेबांचा हात कॅमेरा बंद करायला गेला.

"चालू राहू द्या," बाबा म्हणाले. त्यांनी कात्री खाली ठेवली. "पट्ट्या म्या न्हाई कापल्या. हिनं कापल्या."

कुणाला काही समजेना. माय दारात होती, ती घाईने म्हणाली, "काहीबी काय बोलता!"

"खरं तेच बोलून राहिलो. पयल्या वर्षी म्या कापायचो. येड्यावाकड्या व्हायच्या. एका बाईनं त्या पट्टीवर भरवसा ठेवून लेकराला दोन डोस येकदम पाजले. लेकरू वाचलं, पन म्या लई भ्यालो. त्या दिवशी कागदाचा गठ्ठा घरी आनला अन् हिच्यापुढं ठेवला. तवापासून रिटायर होईस्तवर येकूनयेक पट्टी हिच्या हातची." त्यांनी मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. "अधिकारी म्हनले, याला म्हनतात हात, तवा म्या गप बसलो. मंग गप बसायची सवयच लागली."

इतक्या वर्षांत ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. 'माझा हात' असं बाबा कधीच म्हणाले नव्हते, हे मला त्या क्षणी आठवलं. ते नेहमी 'आपल्या दवाखान्याची पट्टी' म्हणत. आणि ज्या एका गोष्टीसाठी तीन महिने डोळ्यांत प्राण आणून बसले होते, ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःहून सोडून दिली होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की माझ्या साहेबांसमोर मला रडू आलं.

"त्यात काय सांगायचं येवढं?" माय संकोचून म्हणाली. "भाजी चिरली तर कुनी गावाला सांगतं का?"

साहेबांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला.

बऱ्याच 'न्हाई-न्हाई'नंतर ती चादरीच्या कडेला बसली. कागदाला बोटाच्या पेराने माप लावलं. उभी घडी घातली, मग आडव्या तीन. कात्री एकदा अंगठ्यावर घासून पाहिली आणि चाचांना म्हणाली, "धार गेलीय भाऊ." मग कर्र, कर्र, इतकंच. पाच-सहा आवाज झाले असतील. घडी उलगडून तिने पट्टी पुढे केली. साहेबांनी ती एरंडेलाच्या बाटलीला लावली. खाचेला खाच भिडली. एक केसभर फरक नव्हता. चाचा म्हणाले, "या अल्ला," आणि आपल्या कात्रीकडे नव्या नजरेने पाहू लागले.

मी मात्र मायच्या मांडीकडे बघत होते. तिच्या लुगड्यावर कागदाचे त्रिकोण पडले होते. बारीक बारीक, सारखे.

आमच्या बाहुल्यांच्या अक्षता! पट्ट्या दवाखान्यात कापल्या जात असत्या, तर हे त्रिकोण घरात कुठून आले असते? ही वस्तू कुठून आली, कुणी केली, हे विचारायचा मी वीस वर्षं पगार घेतेय. आणि ओंजळी भरभरून ते बाहुल्यांवर उधळताना, किंवा नंतरही कधी, एकदाही मी मायला विचारलं नव्हतं. तिने परवा दोन दिवस पाण्यात भिजवून, चिंचेने घासून काढलं ते तिचं स्वतःचंच काम होतं, आणि ते काम आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. 'कर्ता' असा एक रकाना असतो. बाबांनी स्वतः सांगितलं: औषध आणि चिठ्ठी यासमोर त्यांचं नाव, पट्टीसमोर मायचं. "दवाखान्याच्या रजिस्टरात म्या कधी खोटं लिहिलं न्हाई. तुमच्याबी नका लिहू."

"मावशी, पूर्ण नाव सांगा," साहेब म्हणाले.

आता पंचाईत झाली. पूर्ण नावात मधे नवऱ्याचं नाव येतं, आणि मायने ते उभ्या आयुष्यात उच्चारलेलं नाही. उखाण्यातसुद्धा ती 'ह्यांचं नाव घेते' म्हणून पुढे पळालेली. ती पदर तोंडाला लावून हसू लागली. शेवटी बाबांनीच सांगितलं. आधी तिचं नाव, मग आपलं, मग आडनाव. सावकाश, नंबर पुकारल्यासारखं. बाबा तिला 'ऐकलं का' म्हणतात. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मायने हसणं थांबवलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

घासलेल्या बेचाळीस बाटल्या अभिलेखागारात गेल्या नाहीत. एक मायने एरंडेलासाठी घेतली, कारण तिची रोजची बाटली आता सरकारी झाली होती. साहेबांना डाळीच्या चार बाटल्या घ्याव्याच लागल्या. डाळ अभिलेखागारात नेली तर किडे होतील म्हणून त्या त्यांच्या घरी गेल्या. वरण चांगलं झालं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला कळवलं.

निघायच्या वेळी माय नेहमीसारखी झाडणी घेऊन आली आणि ओसरीवर सांडलेले त्रिकोण गोळा करू लागली.

"माय, थांब. झाडू नको," मी म्हणाले आणि खाली बसून एकेक त्रिकोण पाकिटात भरू लागले.

"आता कचराबी नेता का इद्यापीठात?"

"व्हय," मी म्हटलं.

ते पाकीट आज कपाटात आहे, कंपाउंडरच्या बाटलीजवळ, सर्जनच्या टोपीशेजारी. त्याला नंबर आहे, आणि 'कर्ता' या रकान्यात माझ्या अक्षरात मायचं नाव आहे.